काचेची टाकी गळू लागली तर

घरात पाणी गळण्याला आपण तसे सरावलेले असतो. पावसाळ्यात कौल सरकते, नळाचा वायसर झिजतो, जुन्या माठाला चीर जाते, आणि यांतील प्रत्येकावरचा उपाय घरातल्या कोणा ना कोणाला ठाऊक असतो. परंतु बैठकीच्या खोलीत घडवंचीवर ठेवलेली माशांची काचेची टाकी गळू लागली, म्हणजे चांगली व्यवहारी माणसेही गांगरून जातात. कौलातून येणारे पाणी नकोसे असते. ते गेले की काम झाले. टाकीतले पाणी आपण मुद्दाम भरलेले असते, आणि त्यात कोणी तरी राहत असते.

आमच्या इंदूरच्या घरी तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच अशी एक टाकी बारा-तेरा वर्षे होती. एका मे महिन्यात पहाटे बाहेरच्या खोलीतून हाक आली, “अहो, इथं पायाला ओलं कसं लागतंय?” जाऊन पाहतो तो घडवंचीचा एक पाय भिजलेला, फरशीवर ओघळ गेलेला आणि टाकीतले पाणी चार बोटे उतरलेले. मी तत्काळ तीन गोष्टी केल्या व तिन्ही चुकीच्या केल्या. हाताशी असलेल्या तांब्याच्या घंगाळात नळाचे ताजे पाणी भरून त्यात पाचही गोल्डफिश सोडले. बाजार उघडताच न्हाणीघराच्या फटी बुजविण्यासाठी मिळते ते सिलिकोन आणून कोपऱ्यातल्या जुन्या सिलिकोनवरच बोटाने जाडसर फासले. आणि मासे बेचैन दिसू लागले म्हणून दुसऱ्याच दिवशी सकाळी टाकी भरून टाकली. दोन दिवस ती थांबली. तिसऱ्या रात्री पुन्हा गळू लागली. तोवर तीन मासे मेले होते. त्यांतला एक सात वर्षांचा होता. माझ्या नातीने विचारले, “आजोबा, गळत होती टाकी, मग मासे का मेले?”

त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे कळले तेच आज आपणांस सांगावयाचे आहे. सांध्याच्या दुरुस्तीला वेळ लागतो आणि माशांना वेळ नसतो. या ओढाताणीत माणूस घाई करतो व दोन्हींकडून नुकसान करून घेतो. यास्तव आधी माशांची अशी सोय लावावी की, आठवडाभर टाकीकडे घाईने पाहण्याचे कारणच उरू नये. मग सांध्याला हवा तेवढा वेळ देता येतो.

परंतु त्याच्याही आधी एक प्रश्न आहे: टाकी खरोखरच गळते आहे काय? माळव्यातल्या किंवा ग्वाल्हेरकडच्या कोरड्या उन्हाळ्यात उघड्या टाकीचे पाणी नुसत्या बाष्पीभवनानेही डोळ्यांत भरण्याइतके उतरते. काचेवर बाहेरून पेन्सिलीने खूण करावी आणि त्याच खोलीत एका रुंद भांड्यात पाणी ठेवून त्यावरही खूण करावी. दोन्ही सारखीच उतरत असतील तर दोष हवेचा आहे. घडवंची ओली होण्याची दुसरीही कारणे असतात. हवेच्या बुडबुड्यांनी उडालेले तुषार झाकणावरून ओघळतात. याहून फसवे कारण म्हणजे वीज जाणे. हवेचा पंप टाकीच्या पाण्यापेक्षा खालच्या पातळीवर ठेवला असेल, तर वीज जाताच हवा बंद होते आणि त्याच बारीक नळीतून पाणी उलटे खाली उतरू लागते. शाळेत शिकलेल्या वक्रनलिकेचाच हा खेळ. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी या कारणाने ओल्या झालेल्या निर्दोष टाकीचे सगळे सांधे खरवडून काढले होते. पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगावा, अथवा नळीत एकतर्फी झडप बसवावी, म्हणजे हा घोटाळा होत नाही.

गळती खरी ठरली तर पहिले काम विजेचे. पंप, दिवा, पाणी तापविणारी काडी यांचे प्लग काढावेत, तेही ओल्या फरशीवर उभे न राहता. पाण्याबाहेर उघडी पडलेली तापलेली काडी तडकते, हेही ध्यानात असू द्यावे. थेंब सावकाश पडत असेल तर भिण्याचे कारण नाही; सेकंदाला एक थेंब म्हटला तरी चोवीस तासांत सुमारे चार लिटर पाणी जाते. खाली परात ठेवली, पातळी थोडी उतरविली, की विचार करण्यास सवड मिळते. ही सवड मी घेतली नाही.

आता मासे. घरात पटकन हाताशी येणारी मोठी भांडी तांब्यापितळेची असतात, किंवा जस्ताचा मुलामा दिलेली बादली असते. ही तिन्ही टाळावीत. तांब्याच्या भांड्यातले पाणी पिण्यास आपण चांगले मानतो. परंतु त्याच तांब्याचे पाण्यात उतरणारे अंश माशांच्या कल्ल्यांना बाधतात, पाणी मृदू असेल तर अधिकच, आणि गोगलगायी व झिंगे तर त्याने लवकर मरतात. जस्ताचेही तसेच. स्वच्छ प्लॅस्टिकचा टब सर्वांत सोयीचा. मात्र तो कपडे धुण्याचा, साबणाचा अंश राहिलेला नसावा. खोल बादलीपेक्षा पसरट टब बरा, कारण पाण्याचा जेवढा पृष्ठभाग हवेला लागतो तेवढा प्राणवायू त्यात मिसळतो. टबात पाणी घालावयाचे ते टाकीतलेच. तेच ऊन, तेच मुरलेले, माशांच्या अंगवळणी पडलेले. वरून पातळ फडके बांधावे. गोल्डफिश दिसतो आळशी, पण परक्या भांड्यातून तो उडी मारतो.

नळाच्या ताज्या पाण्यात क्लोरिन असते व तेही कल्ल्यांना जाळते. पाणी कमी पडलेच तर आदल्या दिवशी उघड्या भांड्यात काढून ठेवलेले वापरावे, अथवा मत्स्यपालनाच्या दुकानात मिळणारे सोडियम थायोसल्फेटचे खडे सांगितलेल्या प्रमाणात घालावेत. पूर्वी छायाचित्रकार ज्याला हायपो म्हणत तोच हा पदार्थ.

याहूनही महत्त्वाची गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. मासा कल्ल्यांवाटे पाण्यात सारखा अमोनिया सोडीत असतो, आणि अमोनिया हे त्याचेच विष आहे. चालत्या टाकीत ते साठत नाही, कारण फिल्टरच्या स्पंजवर व तळाच्या खडीवर सूक्ष्म जंतूंची वसाहत झालेली असते. त्यांतले काही अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि नायट्रेट माशांना बेताच्या प्रमाणात सोसते. ही वसाहत नव्याने बसावयास साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. आता गृहिणीचा हात लागो की गृहस्थाचा, टाकी रिकामी झाली म्हणजे पहिली इच्छा होते ती त्या काळपट, बुळबुळीत स्पंजाला नळाखाली धरून लख्ख करण्याची. ते केले की जंतू क्लोरिनने मेले, आणि दुरुस्त झालेली टाकी माशांच्या दृष्टीने कोरी झाली. स्पंज धुऊ नये. तो तसाच टबात माशांच्या सोबतीला ठेवावा व त्यातून हवा चालू ठेवावी. हवा बंद राहिली तर काही तासांतच ते जंतू गुदमरू लागतात. वनस्पती ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या तर दोन दिवस सहज टिकतात. टबातल्या माशांना पहिले दोन दिवस खाऊ घालू नये, पुढेही अगदी चिमूटभर; उपाशी मासा कमी अमोनिया सोडतो, आणि काही दिवसांच्या उपासाने गोल्डफिशचे काही बिघडत नाही. रोज चौथा हिस्सा पाणी मुरवलेल्या पाण्याने बदलावे. एवढे केले म्हणजे मासे टबात आठवडा काढतात. माझे मासे तांब्याने मेले, क्लोरिनने मेले की अमोनियाने, हे आज सांगता येणार नाही. तिघांनी मिळून मारले असे समजतो.

मासे सुखरूप झाले की टाकीकडे वळावे. रिकामी करण्यापूर्वी गळतीचे ठिकाण शोधलेले बरे. पाणी सांध्याच्या कडेने प्रवास करते. खालच्या उजव्या कोपऱ्यात टपकणारा थेंब वरच्या डाव्या बाजूने निघालेला असू शकतो. बाहेरून सर्व सांधे कोरड्या फडक्याने पुसावेत आणि त्यांवर खडूची पूड भुरभुरावी. पाण्याची वाट त्या पुडीत रेघेसारखी उमटते. दुसरी युक्ती म्हणजे पाणी उतरू देणे. एका पातळीला येऊन गळती आपोआप थांबली, तर छिद्र त्याच उंचीवर आहे. तळापर्यंत थांबलीच नाही, तर दोष तळाच्या सांध्यात आहे, आणि बहुधा तो तिथेच असतो.

तो तिथेच का असतो, हे समजण्यासाठी थोडे गणित करू. आमच्या टाकीत काठोकाठ भरली तर सुमारे 106 लिटर पाणी मावे. काच आणि खडी धरून सगळा भार सव्वाशे ते दीडशे किलोंच्या घरात जाई. हे पाणी तळावर तर बसतेच, शिवाय चारी बाजूंच्या काचांना बाहेर रेटीत असते. तीन फुटी समोरच्या काचेवर या रेट्याचे मान सुमारे 66 किलो वजनाइतके येते. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो, त्यामुळे यातला मोठा वाटा काचेच्या खालच्या अर्ध्या भागावर पडतो. टाकीची उंची दुप्पट केली तर हा रेटा चौपट होतो. उंच टाक्या का जपून घ्याव्यात, ते यावरून कळेल. म्हणजे एक धट्टाकट्टा माणूस त्या काचेला पाठ लावून रात्रंदिवस ढकलीत उभा आहे, आणि त्याला अडवून धरणारा तो केवळ कोपऱ्यातला एक चिकट सांधा. भरलेली किंवा अर्धी भरलेली टाकी उचलू अगर सरकवू नये असे जे सांगतात, ते याच कारणाने. काच किंचित मुरडली तरी तो सांधा उकलतो.

हा सांधा पूर्वी निराळा असे. लंडनच्या रीजंट्स पार्कातल्या प्राणिसंग्रहालयात 1853 साली लोकांसाठी पहिले मत्स्यालय उघडले, आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस या निसर्गाभ्यासकाच्या पुस्तकाने अ‍ॅक्वेरियम हा शब्द घरोघर नेला. त्या काळापासून पुढे शंभर वर्षे घरगुती टाकी म्हणजे धातूची चौकट व तिच्यात लांबीने बसविलेल्या काचा. जवसाचे तेल, राळ, बारीक वाळू, प्लास्टर ऑफ पॅरिस आणि मुरदाडशिंग घालून ही लांबी करीत; काही जण शेंदूर घालीत. मुरदाडशिंग आणि शेंदूर ही दोन्ही शिशाची संयुगे आहेत, तेव्हा कोणाच्या माळ्यावर आजोबांची अशी लोखंडी अँगलची टाकी असेल, तर तिची लांबी उकरताना तोंडाला फडके बांधावे, मुलांना दूर ठेवावे आणि तो चुरा बागेत टाकू नये. मुंबईस 1951 साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले. ते पाहून घरी टाकी करविण्याची हौस ज्यांना झाली, त्यांना त्या वेळी चौकटीचीच टाकी मिळाली असती. या चौकटीच्या टाक्यांचा एक स्वभाव ध्यानात ठेवण्याजोगा आहे. फार दिवस कोरड्या राहिल्या की त्यांची लांबी आक्रसते व पुन्हा भरताच त्या गळतात. पण पुष्कळदा पाण्याच्या रेट्याने काच लांबीत रुतून दोन-चार दिवसांत गळती आपोआप थांबते. म्हणून अशा टाकीला मोरीत भरून ठेवून आठवडाभर पाहावे, आणि मगच हत्यार उचलावे.

चौकट गेली ती सिलिकोनमुळे. 1960 च्या दशकापासून हा पदार्थ टाक्यांना वापरात आला आणि पाच काचा नुसत्या एकमेकींना चिकटवून टाकी उभी राहू लागली. काच ही मूळची वाळू, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे संयुग. सिलिकोनचा कणाही त्याच दोन मूलद्रव्यांचा. त्यामुळे ताजे सिलिकोन स्वच्छ काचेला असे घट्ट धरते की पुढे पात्याने कापल्याशिवाय सुटत नाही, आणि तरीही रबरासारखे लवते. काच पाण्याच्या भाराने थोडी फुगते, थंडी-उन्हाने कमीजास्त होते. सांधा तिच्याबरोबर हलतो. बाजारात दोन गोळे मळून लावण्याची जी दगडासारखी कडक होणारी लांबी मिळते, तिला हे हलणे जमत नाही. ती नळाच्या पाइपाला उत्तम. टाकीच्या सांध्याला लावली तर काही काळाने काचेपासून सुटते.

परंतु सिलिकोनचा एक दुर्गुण आहे, आणि माझी दुरुस्ती त्यानेच बुडाली. एकदा वाळलेल्या सिलिकोनला जगातली बहुतेक कोणतीच वस्तू नीट चिकटत नाही, नवे सिलिकोनसुद्धा नाही. वाळल्यावर त्याच्या पृष्ठभागाचा स्वभाव मेणासारखा होतो. जुन्या सांध्यावर नवा थर फासला तर तो वरवर बसतो; दिसावयास भरभक्कम, आणि खाली दोन थरांमध्ये केसाएवढी फट. पाणी ती शोधून काढते. एका वृद्ध काचवाल्याने माझ्या टाकीचा तो फासलेला थर नखाने धरून एका ओढीत सोलून काढला आणि म्हणाला, “मास्तर, हे चिकटलेलं नव्हतं, नुसतं निजलेलं होतं.”

तेव्हा जुने काढणे, हीच खरी दुरुस्ती. टाकी कोरडी करून जाड सतरंजीवर ठेवावी. आत कोपऱ्याकोपऱ्यांतून ओढलेली जी सिलिकोनची पट्टी दिसते, ती पाण्याला अडविते. आणि दोन काचांच्या कडांच्या मधोमध जो पातळ थर असतो, तो काचांना धरून ठेवतो. हा फरक नीट ओळखला पाहिजे. मधला थर चांगला असेल, त्यात पांढुरके बुडबुडे किंवा सुटलेले चट्टे बाहेरून काचेतून दिसत नसतील, तर त्याला हात लावू नये. आतली पट्टीच काढावी. मात्र ती गळत्या कोपऱ्यापुरती काढून भागत नाही. जिथे नवी पट्टी जुनीला भेटते तिथे पुन्हा तोच न चिकटण्याचा प्रश्न येतो. म्हणून चारी बाजूंची व चारी कोपऱ्यांची, सगळी पट्टी काढावी. दाढीच्या नव्या पात्याने आधी एका काचेच्या लगत, मग दुसऱ्या काचेच्या लगत चीर द्यावी, म्हणजे लांब दोरीसारखी ती सुटत येते. पाते काचेवर निजते धरावे, दोन काचांच्या फटीत घुसवू नये. उरलेले धागे खरवडून काढण्यात अर्धा दिवस जातो. हे काम कंटाळवाणे आहे, आणि बहुतेक दुरुस्त्या येथेच फसतात.

मग स्पिरिट अथवा अ‍ॅसिटोन लावलेल्या पांढऱ्या फडक्याने काच पुसावी. रॉकेल नको, साबण नको. दोन्ही मागे पापुद्रा ठेवतात. पुसलेल्या जागी बोट लावू नये, कारण बोटाच्या तेलकटपणानेही पकड सुटते. कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंस पाव इंच जागा सोडून मास्किंग टेप चिकटवावी. सिलिकोन विकत घेताना नळीवर ते टाक्यांसाठी असल्याचे लिहिलेले पाहावे. न्हाणीघरासाठी मिळणाऱ्या पुष्कळ प्रकारांत बुरशी येऊ नये म्हणून विष मिसळलेले असते, आणि बुरशीला मारणारे ते विष माशांनाही सोडीत नाही. नळीच्या चोचीची तिरपी कापणी करून एका हाताने, न थांबता, एक कोपरा एका दमात ओढावा. मग ओल्या बोटाने अथवा चमच्याच्या पाठीने ती पट्टी दाबून आत बसवावी आणि टेप लगेच सोलावी. दहा-पंधरा मिनिटांत वर साय धरते. त्यानंतर हात लावला तर साय फाटते.

लावताना आंबूस, व्हिनेगरसारखा वास येतो. तो खराब मालाचा नव्हे. हे सिलिकोन हवेतला दमटपणा शोषून घट्ट होते व त्या क्रियेत अ‍ॅसेटिक आम्ल बाहेर पडते, वास त्याचा. घट्ट होण्याची ही क्रिया बाहेरून आत, दिवसाला साधारण दोन ते तीन मिलिमीटर अशी सरकते. म्हणजे वरून वाळलेली दिसणारी पट्टी आत लोण्यासारखी मऊ असू शकते. यात एक गमतीचा भाग आहे. आपल्याला वाटते, ऊन कडक असले की लवकर वाळेल. येथे उलटे होते. मे महिन्यातल्या इंदूरच्या किंवा हैदराबादच्या कोरड्या हवेत सिलिकोन मंद चालते, आणि गोव्याच्या किंवा बेळगावच्या पावसाळी दिवसांत चपळाईने. परंतु पावसाळ्यात दुसराच धोका असतो: काचेवर न दिसणारा ओलावा बसतो, आणि ओल्या काचेला सिलिकोन धरीत नाही. तेथे लावण्यापूर्वी काच पंख्याखाली व थोड्या उबेत चांगली सुकवून घ्यावी. एकंदरीत, कोठेही असा, तीन दिवस ही किमान मुदत आणि आठवडा ही शहाणपणाची. वास पूर्ण गेला की समजावे. मी त्या वेळी एक रात्र दिली होती.

मुदत संपल्यावर टाकी घरात नव्हे, तर अंगणात, ओट्यावर किंवा मोरीत, सपाट फळीवर थर्मोकोलचा ताव घालून ठेवावी आणि चारी कडांखाली कोरडे वर्तमानपत्र सरकवावे. पाणी एकतृतीयांश भरावे व एक दिवस थांबावे, मग दोनतृतीयांश व आणखी एक दिवस, मग पूर्ण. कागदावर शाई पसरलेली किंवा डाग उठलेला दिसला तर कोणत्या उंचीला तो आला हे आपोआप कळते. कागद तिन्ही दिवस कोरडा राहिला, तर टाकी पुन्हा रिकामी करून घरात आणावी. या चाचणीचे पाणी फेकून द्यावे. त्यात आम्लाचा अंश उतरलेला असतो.

आता दुरुस्ती कधी करू नये, हेही सांगावयास हवे. तळाच्या काचेला तडा गेला असेल तर ती टाकी सोडून द्यावी. तड्यावर सिलिकोन फासणे म्हणजे दीडशे किलोंच्या भाराला कागदाची चिकटपट्टी लावणे होय. बाजूच्या काचेला कोपऱ्यात बारीक टवका गेला असेल तर आतून मोठा काचेचा तुकडा चिकटवून वेळ मारून नेता येते. वेळच, वर्षे नव्हेत. काचांच्या मधला थर एका ठिकाणी सुटलेला असेल, तर बाकीचाही वयाने तेवढाच झालेला असतो. मग सर्व काचा सुट्या करून, खरवडून, गुण्याने काटकोन पाहून पुन्हा उभी करावी लागते. तेवढे काम काचवाल्याकडून करवून घेण्यास जे पैसे पडतात, त्यांत थोडी भर घातली की बहुधा नवी टाकी येते. नवी घेताना काचेच्या जाडीत काटकसर करू नये. आमच्या मापाच्या टाकीला सहा मिलिमीटर ही किमान जाडी समजावी, वर काठाला काचेची आडवी पट्टी हवी. आठ मिलिमीटर मिळाली तर दुकानदाराशी घासाघीस करू नये. आणि तडा कशाने गेला हे शोधल्याशिवाय नवी टाकी त्याच घडवंचीवर ठेवू नये. पाणसळ लावून पाहावी. पुष्कळदा घडवंचीचा एक पाय आखूड असतो, किंवा काचेखाली हरभऱ्याएवढा खडा सापडतो.

मोठ्या टाक्याही फुटतात. बर्लिनमधल्या एका हॉटेलातील सुमारे दहा लाख लिटरांची गोल उभी टाकी 16 डिसेंबर 2022 रोजी पहाटे फुटली आणि आतल्या सुमारे दीड हजार माशांपैकी बहुतेक दगावले. ती काचेची नव्हती, अ‍ॅक्रिलिकची होती, आणि तज्ज्ञांनाही फुटण्याचे एकच नेमके कारण सिद्ध करता आले नाही. त्यांनी तपासलेल्या शक्यतांत जोडाचा दोष होता, आणि नूतनीकरणाच्या वेळी टाकी रिकामी असताना ते द्रव्य वाळून कमजोर झाले असावे, हीही एक होती. आपल्या दिवाणखान्यातल्या टाकीची तिच्याशी तुलना करावयाची नाही. मात्र टाकी पहाटेच का फुटते, असे आमच्या घरी अजून विचारतात, आणि मला उत्तर येत नाही.

टाकी जुनी राहो की नवी येवो, मासे परत सोडण्याची रीत एकच. जुनी खडी टाकीच्याच पाण्यात हलकेच खंगाळून परत घालावी, न धुतलेला स्पंज आणि फिल्टर लावावा, टबातले पाणी होईल तितके वापरावे व उरलेले मुरवलेल्या पाण्याने भरावे. दोन्हीकडचे पाणी हाताला सारखे उबदार लागू द्यावे. मग मासे जाळीने किंवा वाडग्याने न उडवता सोडावेत, दिवा त्या दिवशी लावू नये, आणि पहिला पंधरवडा खाणे निम्मे ठेवावे; जंतूंची वसाहत थोडी उणी झालेली असते, तिला सावरू द्यावे.

आमच्या टाकीचा मधला थर शाबूत निघाला, म्हणून त्या काचवाल्याने ती दुरुस्त केली आणि आठ दिवस आपल्या दुकानापुढच्या फळीवर भरून ठेवली. रोज संध्याकाळी नात आणि मी जाऊन खालचा कागद पाहून येत असू. उरलेले दोन मासे तोवर न्हाणीतल्या निळ्या टबात होते. परत सोडल्यावर पहिला दिवसभर ते मागच्या कोपऱ्यात तोंड लपवून राहिले, आणि दुसऱ्या दिवशी खडी उकरू लागले. घडवंचीखाली वर्तमानपत्राचा एक ताव मी अजूनही घालतो. दर रविवारी तो बदलताना आधी उलटसुलट करून पाहतो.